पीसी जोडताय? आधी हे तीन प्रश्न विचारा

आजचा विषय आहे कमी बजेटमध्ये घरी पीसी जोडणं. कुठला प्रोसेसर भारी, कुठल्या गेमला किती एफपीएस, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. आपण त्याच्या आधीचा प्रश्न घेऊया: घेतलेले पार्ट एकमेकांशी जमतील का? कारण लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, सील एकदा फोडलं की ‘हा नको होता’ म्हणून परत देणं अवघड असतं. आणि पैसे मोजकेच असतील तर एक चुकीचा पार्ट म्हणजे पीसी दोन-तीन महिने लांबणीवर.

म्हणून प्रत्येक पार्टबद्दल तीन प्रश्न विचारायचे. बसतो का? ओळखला जातो का? पेलतो का?

आधी बसण्याचं बघू. सुरुवात प्रोसेसरपासून करा, कारण सॉकेट तो ठरवतो. रायझन ५ ५६००जी घेतला तर सॉकेट एएम४, म्हणजे बोर्ड एएम४चाच आणि रॅम डीडीआर४. एएम५ला गेलात तर रॅम फक्त डीडीआर५. इंटेलच्या १२व्या ते १४व्या जनरेशनचं सॉकेट एलजीए १७००, पण तिथे गंमत अशी की एकाच चिपसेटचे बोर्ड डीडीआर४मध्येही येतात आणि डीडीआर५मध्येही. नुसतं ‘एच६१० द्या’ म्हणू नका, बॉक्सवर रॅमचा प्रकार वाचा. दोन्ही रॅमना पिना २८८च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावायचा नाही! बोर्डाचा आकार कॅबिनेटमध्ये मावतो का, हेही आत्ताच बघून घ्या.

आता दुसरा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. बसलं म्हणजे चाललं असं नाही. सेकंडहँड बाजारात एच११० बोर्ड स्वस्तात मिळतात. सॉकेट एलजीए ११५१. इंटेलच्या ८व्या जनरेशनच्या आय३ ८१०० वरही एलजीए ११५१च लिहिलेलं असतं. तो त्या बोर्डात छान बसतो, आणि पीसी चालू होत नाही. कारण एच११० हा ६व्या आणि ७व्या जनरेशनसाठीचा बोर्ड. ८व्यासाठी इंटेलने ३०० सिरीजचे चिपसेट आणले, सॉकेटचं नाव मात्र तेच ठेवलं.

एएम४मध्ये भानगड वेगळी. बी४५० चिपसेट २०१८चा आणि ५६००जी २०२१चा. दुकानात जुना पडून राहिलेला बोर्ड असेल तर त्याच्या बायोसला हा प्रोसेसर माहीतच नसतो. उपाय सोपा आहे. बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी असते. कुठला प्रोसेसर बायोसच्या कुठल्या व्हर्जनपासून चालतो, ते तिथे दिलेलं असतं. दुकानदाराला बिल करायच्या आधीच सांगा, ‘दादा, बायोस अपडेट करून द्या.’ काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताच पेनड्राइव्हने अपडेट करायची सोय असते. तसा बोर्ड असेल तर चिंताच नाही.

एसएसडीचंही असंच. एम.२ हा फक्त आकार झाला. आतली एसएसडी साटा असते किंवा एनव्हीएमई. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये साटाची लावली तर ती दिसणारच नाही.

आणि एका अक्षराचा फरक. ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, साध्या ५६००मध्ये नाही. इंटेलच्या १२१००मध्ये आहे, १२१००एफमध्ये नाही. ‘एफ’ स्वस्त दिसतो म्हणून घेतला आणि ग्राफिक्स कार्डाला पैसे उरले नाहीत, तर मॉनिटर काळाच राहणार. कार्ड नंतर घेणार असाल तर आत्ता ग्राफिक्सवालाच घ्या. त्यासोबत १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन स्टिक असल्या की फरक जाणवतो. फक्त बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर पुढे रॅम वाढवताना या काढाव्या लागतील, हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न पेलण्याचा, म्हणजे एसएमपीएसचा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ असं मोठ्या अक्षरात असतं. तुम्ही बाजूचं छोटं लेबल वाचा. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलंय? १८ असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉटचं आहे, आता उरले किती ते बघा. बजेट कमी पडतंय? कॅबिनेट साधं घ्या, आरजीबी पंखे सोडा, पण एसएमपीएसवर काटकसर नको. तो बिघडला तर सोबत बाकीचे पार्टही जाऊ शकतात.

तर आजचा गृहपाठ. मोबाइलच्या नोट्समध्ये तुमची यादी लिहा, प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल नाव, शेवटच्या अक्षरासकट. प्रत्येकासमोर तीन टिक करा: बसतो, ओळखला जातो, पेलतो. एकही टिक राहिली असेल तर त्या दिवशी पैसे भरू नका. यादी मला पाठवलीत तरी चालेल, पुढच्या एपिसोडमध्ये दोन-तीन याद्या घेऊन बोलू. तोपर्यंत, भेटूया!