काचेवरचे शिवचरित्र

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील दरबार हॉल दोन मजले उंच आहे. त्याच्या बाजूंच्या महिरपींत रंगीत काचा बसवलेल्या असून त्यांवर छत्रपती शिवाजी महाराजांच्या आयुष्यातील प्रसंग चितारले आहेत. वरच्या सज्जाला देवळातल्यासारख्या कोरीव हस्तांचा आधार आहे आणि एका टोकाला उंचावर सिंहासन आहे. रचना दरबारी असली, तरी काचेवर चरित्र सांगण्याची ही रीत वाढली ती चर्चमध्ये.

युरोपातील जुन्या चर्चमध्ये बायबलमधील कथा खिडक्यांवर रंगवत. जर्मनीतील ऑग्सबर्गच्या कॅथेड्रलमध्ये दावीद, दानीएल, होशेय आणि योना यांच्या काचेवरील आकृती सुमारे नऊशे वर्षांच्या आहेत. फ्रान्समधील शार्त्रच्या तेराव्या शतकातील खिडक्यांत एकेका कथेचे अनेक चौकट-प्रसंग असून त्या सहसा खालून वर पाहत जायच्या असतात. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही त्यातली ओळखीची कथा उमगत असे.

अशा खिडकीतील बहुतेक रंग काचेच्या अंगचे असतात. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात: कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा, तांब्याने किंवा सोन्याने लाल. पूर्ण जाडीभर लाल केलेली काच जवळजवळ काळी दिसते. म्हणून पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. तो थर हवा तेथे खरवडला की तांबड्या अंगरख्यावर पांढरी नक्षी उमटते. चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या गडद रंगाने रेखून भट्टीत पक्क्या करतात. पिवळ्यासाठी काचेच्या मागच्या बाजूला चांदीचा क्षार लावून ती भाजतात. त्यामुळे एकाच तुकड्यावर गोरा चेहरा आणि सोनेरी मुकुट दोन्ही साधतात.

नंतर सगळे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवतात, सांध्यांना डाक देतात आणि फटीत लांबी भरतात. वाऱ्याचा दाब सोसावा म्हणून मागे आडवे लोखंडी गज लावतात. शिशाच्या काळ्या रेषा केवळ जोडकामाच्या नसतात. खांदा, बाही, घोड्याची मान यांची कडही त्याच रेषा दाखवतात.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गॉथिक वास्तुशैलीला नवा बहर आला आणि ही कला तिच्याबरोबर हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चचा अभिषेक १८५८ साली झाला. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांचे ते स्मारक. त्याच्या पूर्व व पश्चिम खिडक्यांच्या काचा इंग्लंडमधील विल्यम वेल्स यांच्या कारखान्याच्या आहेत.

कोल्हापूरचा नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याने त्याचा आराखडा केला. काळ्या घडीव दगडाच्या या इमारतीत राजस्थान-गुजरातच्या वास्तूंची वळणे, देवळांतील कोरीवकाम आणि इंग्रजी घड्याळ-मनोरा एकत्र आले. याच मिश्रणात चर्चची काचकला दरबारात आली. येताना तिची मांडणी बदलली. चर्चमध्ये उपासक वेदीकडे तोंड करून बसतात आणि मुख्य चित्र बहुधा वेदीमागच्या पूर्व खिडकीत असते. कोल्हापुरात ते मानाचे टोक सिंहासनाला मिळाले आणि प्रसंग बाजूंच्या महिरपींत गेले. त्यामुळे दरबार भरे तो घराण्याच्या मूळ पुरुषाच्या चरित्राच्या मधोमध. राजवाड्याच्या तळमजल्यावर आता शहाजी छत्रपती संग्रहालय आहे.

चर्चमध्येही ही कला थांबलेली नाही. इंग्लंडमधील ट्यूडली येथील जुन्या चर्चमध्ये चित्रकार मार्क शगाल यांची पहिली खिडकी १९६७ साली बसली आणि १९८५पर्यंत सर्व बारा खिडक्या पूर्ण झाल्या. पूर्वेच्या खिडकीत क्रूसावरील ख्रिस्ताच्या खाली समुद्राची निळाई आहे. बुडून मृत्यू पावलेल्या एका तरुणीची ती स्मृती.

रंगीत काचेचे चित्र दिवसा, आतून आणि प्रकाश पलीकडून आला तरच दिसते; बाहेरून ते काळपट भासते. काच शतकानुशतके टिकते, पण शिसे ऊन-गारव्याने थकते आणि तावदान फुगू लागते. तेव्हा प्रत्येक तुकड्याची जागा कागदावर नोंदवून चौकट उतरवतात आणि जुनीच काच नव्या शिशात बसवतात.