मध आणि न भरणारी जखम



चार दिवस न घासलेल्या माठाच्या तळाला बोट लावून पाहा. बुळबुळीत लागतं. जिवाणूंनी चिकट द्रव सोडून स्वतःभोवती बांधलेली ती वस्ती असते. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला लागतो तो थरही त्यातलाच. असा थर जखमेवर बसला की आतले जिवाणू औषधाला सहसा दाद देत नाहीत. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्महिने चिघळत राहते, त्यामागे पुष्कळदा हेही एक कारण असतं.

अशा जखमांचा विचार करताना मध आठवतो. आपल्या अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या रानात, आग्या मोहोळ कड्याला लोंबतं, सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत असते. भाजलं-कापलं की मध लावा, असं जुनी माणसं सांगत. सुश्रुतसंहितेतही व्रणासाठी मध आणि तूप सांगितलं आहे.

मध करतो काय? पिकलेल्या मधात पाणी जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक साखर. ती जिवाणूंतलं पाणी ओढून घेते. शिवाय मध आम्लधर्मी. मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. मधमाशीनं मिसळलेलं एक एन्झाइम घट्ट मधात निवांत असतं. जखमेतली लस मिसळून मध पातळ झाला की ते कामाला लागतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. मध कढवला तर हे एन्झाइम नष्ट होतं. स्टॅफिलोकॉकस, स्युडोमोनास या जिवाणूंचे थर मधानं विस्कटतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

आणि माणसांवर? सोलापुरात, वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास केला. तो १९९१ साली ब्रिटनच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापून आला. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना चांदीयुक्त मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. अभ्यास एकाच रुग्णालयातला, तरी जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली.

पण मंडळी, जखमेसाठी बनवलेला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, फडताळातल्या बाटलीतला नसतो. नवजात बाळाला मध चाटवायची आपल्याकडे चाल आहे, ती सोडा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या बोटुलिझमच्या बीजाणूंमुळे जिवाचा धोका असतो. आणि घरात कुणाला साखरेचा आजार असेल, पायाला जखम असेल, तर घरचा मध चोपडून दिवस काढू नका. आजच डॉक्टरांना पाय दाखवा.