फोनवरील मराठी आणि मुलांचे शुद्धलेखन
(केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



मुले फोनवर लिहू लागल्यापासून त्यांचे शुद्धलेखन बिघडले, ही तक्रार आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी आहे. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास फोनवरून जाऊ-येऊ लागला, आणि ज्या घरी पाटी-पेन्सिल हेच लेखनाचे साधन होते तेथेही मूल काचेवर बोटाने लिहू लागले. तक्रार खोटी नाही. परंतु तिचे निदान आपण घाईने करतो, असे माझे मत आहे.

एक उदाहरण पाहू. पाचवीतील एका मुलीने, आईच्या डोळ्याला लागल्यामुळे आपण शाळेत येणार नाही, असा निरोप रोमन अक्षरांत धाडला. पुढे वहीत तीच हकीकत लिहिताना तिने 'डोल्याला' असे लिहिले. तिचा उच्चार स्वच्छ होता. ळ तिला वाचता येत होता. मग चूक कोठून आली? रोमन लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर, न आणि ण यांना एकच. ह्रस्व-दीर्घाचा भेदही लिहिणारे सहसा पाळीत नाहीत. के, ए, एल, ए ही चार अक्षरे दाबली, तर त्यांतून कला, काला, काळा, कळा यांपैकी काहीही निघू शकते. यंत्र अनेक पर्याय पुढे ठेवते आणि मूल त्यांतील एकावर बोट ठेवते. ओळखणे आणि आठवून लिहिणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. फोन पहिलीचा सराव देतो, दुसरीचा देत नाही. बोललेले ऐकून यंत्रच लिहू लागले म्हणजे तर दोन्ही सुटतात. माझ्या समजुतीने खरी हानी येथे आहे.

संक्षेपांना मात्र मी तितकासा दोष देणार नाही. ज्यांना आपल्या आजोबांची जुनी पत्रे पाहावयास मिळाली असतील त्यांना 'सा. न. वि. वि.' आणि 'अ. उ. आ.' आठवतील. मोडीत तर आधी रेघ ओढून तिच्याखाली भराभर लिहीत. शब्दांमध्ये जागा सोडीत नसत, विरामचिन्हे नसत, वेलांटी आणि उकारही सहसा एकाच वळणाचे काढीत. त्यामुळे मराठी बुडाली नाही. घाईच्या पत्रव्यवहाराला मोडी आणि ग्रंथाला बाळबोध, हा विवेक लिहिणाऱ्याला शिकविलेला असे. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनीही २००८ साली फोनवरील इंग्रजी संदेशांवर पुस्तक लिहून, असे संक्षेप जुनेच आहेत आणि ते करण्यास मुळात अक्षरज्ञान लागते, हे दाखवून दिले. तथापि त्यांचा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. तेथील मूल स्वतःच्याच लिपीत आखडते घेते; आपले मूल स्वतःची भाषा परक्या लिपीत लिहिते.

आणखी एक खबरदारी घ्यावी. वऱ्हाडातील मुलाने 'डोया' लिहिले किंवा कोणी 'पानी' लिहिले, तर तो फोनचा प्रमाद नव्हे. ती त्याच्या घरची बोली आहे. दोन्ही चुकांवर सारखीच तांबडी रेघ ओढली, तर मूल एवढेच शिकते की लिहू नये. बोलीतील शब्द शेजारी राहू द्यावा आणि त्याला ग्रंथभाषेतील जोड दाखवावी.

आता थोडे आपल्याविषयी, आणि हे बोलताना मी स्वतःला वगळीत नाही. पालकांच्या गटावर आपण ज्या सूचना धाडतो त्यांत 'विद्यार्थ्यानी' असे अनुस्वारावाचून येते, 'आणि' दीर्घ होते, 'वकिलाला'चे 'वकीलाला' होते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. मूळ शब्दातील उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ह्रस्व होतो, म्हणजे फूल-फुलाला, गरीब-गरिबाला, हे आपण वर्गात फळ्यावर लिहितो आणि सायंकाळी स्वतःच मोडतो. मुले त्या सूचना वाचतात. पाठ्यपुस्तकाइतकाच त्यांचा विश्वास गुरुजींच्या लेखनावर असतो.

उपाय म्हणून एक पाठ मी काही वर्गांत घेऊन पाहिला. मुलांनी घरून एकेक रोमन संदेश उतरवून आणावयाचा. शिक्षकाने तो फळ्यावर लिहावा आणि त्यातील प्रत्येक संदिग्ध शब्दापासून किती मराठी शब्द होतात ते मुलांनीच शोधावे. एम, ए, एल यांवरून माल, माळ, मळ हे शब्द निघाले, तेव्हा चौथीच्या वर्गात इतका कल्लोळ झाला की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. ळ हे अक्षर आपल्याजवळ आहे, ही गोष्ट मुलांना त्या दिवशी प्रथमच मोलाची वाटली असावी. त्यानंतर तोच मजकूर 'ती. आजोबांस' असा मायना घालून पत्ररूपाने वहीत लिहावयाचा, फोन न पाहता. दिन-दीन आणि सुत-सूत ह्या जोड्याही अशा वेळी घ्याव्यात, म्हणजे वेलांटी-उकाराने अर्थ कसा फिरतो ते कळते. श्रुतलेखन तर रोज हवेच. पाच ओळी पुरेत, पण मुलांनी ते एकमेकांचे तपासावे.

पुढील संमेलनास येताना प्रत्येकाने ह्या पाठाच्या दोन वह्या बरोबर आणाव्यात: एक नीट जमलेली आणि एक न जमलेली. न जमलेल्या वह्या आपण आधी पाहू.