निर्मळ पाण्यातील अमोनिया



परीक्षा संपल्या की, किंवा एखाद्या मुलाचा वाढदिवस आला की, पुष्कळ घरांत काचेची एक पेटी येते. तळाशी रंगीत खडी, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा पंप, दोन सोनमासे आणि चारसहा गप्पी. पहिले तीनचार दिवस सारे घर त्या पेटीपुढे बसलेले असते. पुढे आठवडा भरण्याच्या सुमारास मासे पाण्याच्या पृष्ठभागापाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, कल्ले लालभडक दिसतात, पर अंगाशी मिटलेले असतात, आणि मग एके सकाळी त्यांतील एकदोन उलटे तरंगताना आढळतात. वडील माणसे म्हणतात, “दुकानदाराने आजारी मासे गळ्यात बांधले.” मुलाची समजूत काढण्यासाठी नवे मासे आणले जातात आणि तेही त्याच वाटेने जातात. वास्तविक दुकानदाराचा बहुधा काही अपराध नसतो; मासेही आले तेव्हा चांगले धडधाकट असतात. पाणी तर आरशासारखे स्वच्छ असते, आणि ते स्वच्छ दिसते म्हणूनच त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही.

त्या पाण्यात अमोनिया असतो. नवसागर आणि चुना एकत्र चोळले असता जो उग्र दर्प नाकात शिरतो, तोच हा वायू. परंतु दहा लाख भाग पाण्यात एक भाग इतक्या अल्प प्रमाणात तो मिसळलेला असला, तर त्याला ना रंग, ना वास. आपल्याला तो कळत नाही. माशाच्या कल्ल्यांना मात्र कळतो.

हा अमोनिया बाहेरून येत नाही, तो मासाच निर्माण करतो. अन्नातील प्रथिने शरीरात वापरली गेली म्हणजे त्यांतील नत्र टाकाऊ म्हणून उरते. आपण त्याचा यूरिया करून तो मूत्रावाटे टाकतो. माशाला हा खटाटोप करण्याचे कारण पडत नाही. तो बहुतेक नत्र अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून सरळ पाण्यात सोडतो. भोवती नदी वाहत असताना हा व्यवहार फार सोयीचा असतो, पण काचेच्या पेटीत तोच त्याच्या जिवावर बेततो. हिशेब करून पाहा. शेकडा ४० प्रथिने असलेले माशांचे एक ग्रॅम खाद्य पेटीत पडले, तर त्यापासून स्थूलमानाने ३५ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात उतरते. पेटी ६० लिटरांची असेल, तर एका दिवसात दर लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक भर पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. शिवाय मुलांना वाटते, मासे भुकेले आहेत. आणि न खाल्लेले खाद्य खडीत कुजून त्यात आणखी भर घालते.

मग जुन्या पेटीतील मासे वर्षानुवर्षे कसे जगतात? या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८५० साली इंग्लंडमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका काचपात्रात सोनमासे, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून ते पात्र दीर्घकाळ निरोगी राखल्याचा वृत्तांत तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. वनस्पती प्राणवायू देतात आणि प्राणी कर्बवायू देतात, एवढ्यावर हा तोल राहतो, अशी त्याची समजूत होती. ती खोटी नव्हती, पण अपुरी होती. पुढे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या एका नळीतून सांडपाणी हळूहळू पाझरू दिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया बंद पडली. यावरून हे काम वाळूचे नसून वाळूवर वस्ती करून राहणाऱ्या सजीवांचे आहे, हे सिद्ध झाले. हे काम दोन टप्प्यांत आणि दोन निरनिराळ्या प्रकारच्या जंतूंकडून होते, हे ज्यांनी पुढे दाखविले, त्यांत इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील एक संशोधक होता. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, आणि तो त्या काचपात्रवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. बापाने मासे जगवले, ते का जगले याचे राहिलेले अर्धे उत्तर मुलाने शोधले! ते जंतू वेगळे काढून वाढविण्याचे श्रेय मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जाते.

त्या नळीतील वीस दिवसांचा विलंब ध्यानात ठेवावा, कारण आपल्या घरातील नव्या पेटीत तोच विलंब घडत असतो. पहिल्या टप्प्यातील जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या टप्प्यातील त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. (हे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जंतूही आहे, हे २०१५ साली उघड झाले, पण आपल्या कामापुरते दोन टप्पे पुरेत.) दुधाचे दही लावणारे जंतू एका रात्रीत काम उरकतात. हे जंतू मात्र फार संथ आहेत. त्यांची संख्या दुप्पट व्हायला एकेक दिवस लागतो, कधी त्याहूनही अधिक. यामुळे नवी पेटी पुरती स्थिरस्थावर होण्यास चार ते सहा आठवडे जातात. तेवढ्या काळात माशांचा जीव धोक्यात असतो.

माझे स्पष्ट मत सांगायचे, तर पेटी आधी माशांवाचून महिनाभर चालवावी, तिच्यात रोज चिमूटभर खाद्य कुजू द्यावे, आणि जंतूंची वस्ती झाली म्हणजेच मासे आणावेत. परंतु भेट म्हणून आलेली पेटी बहुधा माशांसकटच येते. अशा वेळी मासे परत नेऊन देता येत नसतील, तर एकच मार्ग उरतो. रोज पाणी तपासायचे.

त्यासाठी लागणारी छोटी संपुटे माशांच्या दुकानांतून मिळतात. त्यांत एक लहान काचनळी, द्रव्यांच्या एकदोन बाटल्या आणि रंगांची एक पट्टी असते. नळी पेटीतीलच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरावी, सांगितलेले थेंब मोजून टाकावेत, सांगितली तितकी मिनिटे थांबावे आणि नळी पांढऱ्या कागदापुढे धरून दिवसाच्या उजेडात रंग पाहावा. नेहमी मिळणाऱ्या संपुटात पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही, आणि हिरवट छटा जसजशी गडद होईल तसतसा तो अधिक. एकदा आपल्या नळाचे किंवा विहिरीचे पाणीही तपासून ठेवावे. नाहीतर दोष कुठला, हे कळत नाही.

येथे एक मेख आहे. संपुट दाखविते तो एकूण अमोनिया. पाण्यात तो दोन रूपांनी असतो. एक अमोनियम, जे पुष्कळसे निरुपद्रवी, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो खरे विष. त्यांचे प्रमाण पाण्याचा सामू, म्हणजे पी. एच्., आणि पाण्याची उष्णता यांवर ठरते. पाणी २५ अंश उष्ण आणि सामू ७ असता मुक्त अमोनिया हजारात सहाच भाग असतो. सामू ८ झाला की तो शंभरात पाचांवर जातो. म्हणजे एकूण १ मिलिग्रॅमपैकी ०.०५ मिलिग्रॅम विष, आणि एवढ्यानेही कल्ल्यांना इजा होऊ लागते. आपल्या भागात हा भेद विशेष जाणवतो. गोव्यात आणि घाटालगत जांभ्यातील विहिरींचे पाणी मऊ आणि आम्ल असते. तेथून पूर्वेकडे काळ्या दगडात खणलेल्या कूपनलिकांचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. दोन घरांतील नळ्यांचा रंग अगदी सारखा असूनही एका घरचे मासे तग धरतील आणि दुसऱ्या घरचे मरतील. जांभ्याच्या पाण्याची अडचण निराळी आहे. त्यात क्षार थोडे असल्यामुळे जंतूंच्या कामानेच सामू आणखी घसरतो, आणि तो ६ च्या जवळ आला की ते जंतू मंदावतात. अशा पेटीत साठलेल्या अमोनियमवर एकाएकी कूपनलिकेचे जड पाणी ओतणे, हे पुष्कळसे अमोनियम मुक्त अमोनियात बदलून टाकणे होय. म्हणून पाणी शक्य तो पहिल्याच जातीचे घालावे. एप्रिल-मे महिन्यांत तर उष्णतेने मुक्त अमोनियाही वाढतो आणि पाण्यातील प्राणवायूही कमी होतो; तेव्हा पंप रात्रंदिवस चालू हवा.

आकडा पाव मिलिग्रॅम दिसला, की खाद्य निम्म्यावर आणावे. अर्धा दिसला, की तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी त्याच दिवशी बदलावे. १ किंवा अधिक दिसला, तर निम्मे पाणी तत्काळ बदलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून पुन्हा बदलावे. दर वेळी अमोनिया निम्मा होतो. पाणी बदलल्याने जंतू वाहून जातील, ही भीती निराधार आहे. ते पाण्यात थोडेच, खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजावर चिकटलेले पुष्कळ असतात. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये, नळातील क्लोरीन त्यांचा नाश करतो. काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो हलकेच पिळावा. भरावयाचे पाणीही एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेले असावे, किंवा त्यात दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रव्य घातलेले असावे. एखाद्या स्नेह्याकडे जुनी निरोगी पेटी असेल, तर तिच्यातील स्पंजाचा ओला तुकडा मागून आणावा. दह्याला विरजण लावतात तसाच हा प्रकार, आणि त्याने कित्येकदा काम पुष्कळ लवकर होते.

आमच्या शाळेतील ६० लिटरांच्या पेटीची वही मुलांनीच ठेवली होती. रोज सकाळी एकजण नळी धरी आणि दुसरा वहीतील चौकोनात तोच रंग खडूने भरी. सहाव्या दिवशी पिवळ्यात हिरवट झाक आली, अकराव्या दिवशी अर्ध्याचा आकडा ओलांडला. त्या दिवसापासून मासे एक दिवसाआड जेवू लागले. हे मुलांना मुळीच मानवले नाही. “सर, बघा, ते काचेपाशी येऊन मागताहेत,” असे एकजण रोज सांगे, आणि त्याच्या खिशात पावाचा चुरा असे. त्याला रागावून उपयोग नव्हता. मी त्याच्याच हाती नळी दिली. त्यानंतर चुरा खिशातच राहू लागला. चोविसाव्या दिवशी चौकोन पुन्हा पिवळा झाला.

वर्गात टाळ्या वाजल्या, पण धोका तेथे संपत नाही. अमोनिया ओसरतो तेव्हा नायट्राइट चढलेले असते, आणि त्यासाठी वेगळे संपुट लागते. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून त्यातील रक्तरंजक द्रव्य प्राणवायू वाहण्यास निकामी करते. रक्त तपकिरी होते आणि भोवती भरपूर हवा असताना मासा गुदमरतो. यावर साधे मीठ उपयोगी पडते, कारण त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यास अडथळा करते. दहा लिटर पाण्यास एक ग्रॅम मीठ विरघळवून घालावे, आणि पाणी बदलणे चालूच ठेवावे. आमच्या वहीत नायट्राइट अडतिसाव्या दिवशी शून्यावर आले. शेवटी उरते ते नायट्रेट. ते पुष्कळ सौम्य असून आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलल्याने आवाक्यात राहते, आणि काही भाग वॉरिंग्टनच्या व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती खाऊन टाकतात.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसल्यावरच नवा मासा आणावा, आणि तोही एकावेळी एक किंवा दोन. जंतूंची वस्ती पहिल्या माशांच्या मानाने वाढलेली असते. नव्या पाहुण्यासाठी तिला पुन्हा थोडे वाढावे लागते. म्हणून त्यानंतर आणखी दहा दिवस नळी आणि वही फडताळात ठेवू नये.