पहिल्या रिमांडची तारीख



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काही जण कंपन्यांत जातील, काही न्यायाधीशपदाची परीक्षा देतील. मला बोलायचं आहे ते जिल्ह्याच्या, तालुक्याच्या कोर्टात आरोपीचं वकीलपत्र घेऊ पाहणाऱ्या थोड्या जणांशी.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी चोरीच्या एका गुन्ह्यात मी उभा होतो. आरोपी एकोणीस वर्षांचा, वीटभट्टीवरचा मजूर. व्हरांड्यात पोलिसांजवळ उकिडवा बसला होता, नखांत वाळलेली माती तशीच होती. त्याला एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला, जामीन फेटाळला गेला आणि मी पुढच्या कामाला लागलो. चार्जशीट ६० दिवसांत आली नाही. ६१ व्या दिवशी अर्ज केला असता तर तो हक्काने बाहेर आला असता. मी कोर्टात पोचलो ६४ व्या दिवशी. आदल्याच दिवशी चार्जशीट दाखल झाली होती. हक्क तिथेच संपला आणि तो मुलगा आणखी पाच महिने आत राहिला. पुढे तो निर्दोष सुटला. पण पहिल्या रिमांडची तारीख मी फाईलवर लिहिली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून फाईलच्या पुठ्ठ्यावर सगळ्यात आधी ती तारीख लिहा. रिमांड दिला तो दिवस धरूनच मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या अथवा फाशीच्या गुन्ह्यांत चार्जशीटची मुदत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६७ आता नागरिक सुरक्षा संहितेत १८७ झालं आहे. फक्त आकडा बदलला असं मात्र समजू नका. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळे. आता तेच पंधरा दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. एमसीआर झाला म्हणून निर्धास्त झालेला वकील महिन्याभराने पुन्हा पीसीआरचा, म्हणजे पोलीस कोठडीचा, अर्ज समोर आला की गोंधळतो. आणि १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं जुनी आणि नवी दोन्ही पुस्तकं टेबलावर हवीत.

रिमांडच्या दुपारी आणखी एक कागद मागून घ्या. अटकेची कारणं लेखी, आरोपीला कळेल अशा भाषेत आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी दिली पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेलं होतं. तो कागद तुम्ही वाचाच, पण आरोपीलाही विचारा, ‘यात काय लिहिलंय?’ मेळघाटातल्या कोरकू माणसाच्या हातात सरकारी मराठीतला कागद आणि त्याखाली त्याचा अंगठा, असं असेल तर त्याला कारणं कळली असं कसं म्हणायचं? ही हरकत त्याच वेळी घ्या आणि रोजनाम्यावर आली की नाही ते बघा.

सीसीटीव्हीच्या पुराव्याबद्दल थोडक्यात सांगतो. २०२० चा अर्जुन पंडितराव खोतकर निकाल मुळातून वाचा. जालन्याच्या निवडणुकीतून निघालेला वाद आहे. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, एक सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लागते. पेन ड्राइव्ह आला की आधी हे तपासा.

जामीन मंजूर झाला की आपलं काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं ते नसतं. सॉल्व्हन्सी देणारा जामीनदार गरिबाने आणायचा कुठून? महिन्याभरात जातमुचलका, जामीनदार देता आला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात म्हटलं आहे. तो आदेश दाखवून अर्ज करा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागत नाही, आणि एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असले तरी अडतं.

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक त्याच्या घरच्यांना लिहून द्या. ज्यांना या कामात यायचं आहे, त्यांनी येत्या आठवड्यातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटावं आणि तुरुंगभेटीला जाणाऱ्या वकिलांबरोबर जाण्याची परवानगी मागावी. सोबत एक वही न्या आणि प्रत्येकाला विचारा, पहिला रिमांड कधी झाला? बऱ्याच जणांना तारीख सांगता येणार नाही. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी,’ असं कुणी सांगेल. तेवढ्यावरून कॅलेंडर काढून दिवस मोजायला बसा.