भिडे वाड्याचे ऋण



पुण्यास गेलो की दगडूशेठ गणपतीचे दर्शन घेऊन मी समोरच्या भिडे वाड्यापुढे क्षणभर उभा राहत असे. याच वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे शाळा गेली. खाली दुकाने उरली, वर कुजलेली लाकडे आणि ढासळत्या भिंती. महापालिका व भाडेकरू यांचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला आणि डिसेंबरात, स्मारकासाठी, वाडा पाडण्यात आला.

माझे आयुष्य सरकारी फायलींत गेले. कागद थांबला तरी पाऊस थांबत नाही, हे मी जाणतो. म्हणून एकट्या कोणास दोष देववत नाही. दरवर्षी ३ जानेवारीस सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घालणाऱ्या आपणांपैकी कितीजणांनी त्या छपराची चौकशी केली? मीही केली नाही.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गाची खोली गळते आहे. सुवर्णमहोत्सवाच्या खर्चातून आधी ते छप्पर दुरुस्त व्हावे. स्मारक मागाहूनही उभारता येते. शाळा मात्र मुले बसत आहेत तोवरच जपावी लागते. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.