आजीपाशी बसा



आज आपण एका साध्या गोष्टीवर बोलणार आहोत. घरातल्या खूप म्हाताऱ्या माणसाला भेटायला कसे जावे, ही ती गोष्ट. तुम्ही म्हणाल, "यात काय शिकायचंय? आजीला भेटायला कुणी शिकवावं लागतं का?"

पण जरा आठवून पाहा. गावची जत्रा असते. सारे घर गोळा होते. चूल पेटलेली असते, पोरे नाचत असतात, गप्पांना ऊत येतो. आजी मात्र भिंतीला टेकून बसलेली असते. जो तो येतो, पाया पडतो आणि मोठ्याने विचारतो, "आजी, ओळखलंस का मला?" आजी नुसती बघत राहते. तो हसतो आणि निघून जातो. दिवेलागणीच्या आत निम्मे लोक परत निघतात. आता सांगा, आजीची भेट झाली का?

आमचे घर शिरूर तालुक्यातले, घोडनदीच्या काठचे. आमच्या आजीने नव्वदी ओलांडली आहे. मागल्या चैत्रात आम्ही सारे तिला भेटायला जमलो. कुणी पुण्याहून एस.टी.ने आले. कुणी सोलापूरकडून रेल्वेने दौंडला उतरले आणि पुढे आले. लहानथोर मिळून तीस माणसे झाली. या वेळी आम्ही आधीच ठरवले होते. जत्रा दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस आजीचा.

आम्ही एका वेळी दोघे-दोघेच तिच्याजवळ बसलो. ज्या कानाने तिला बरे ऐकू येते, त्या बाजूला बसलो. आमच्या तोंडावर उजेड पडेल असे बसलो, म्हणजे तिला आमचे ओठ दिसतात. कुणी ओरडले नाही. म्हातारपणी आधी बारीक, चढे आवाज ऐकू येईनासे होतात. ओरडले की आवाज आणखी चढतो आणि शब्द कळत नाहीत. खालच्या आवाजात, सावकाश बोलले की कळतात.

"ओळखलंस का?" असेही कुणी विचारले नाही. म्हाताऱ्या माणसाला ती परीक्षा वाटते. नाव आठवले नाही की जीव खट्टू होतो. त्यापेक्षा आपणच सांगावे, "आजी, मी तुझ्या थोरल्या लेकीची धाकटी." मग आजी आपणहून हात पुढे करते.

कालची गोष्ट आमच्या आजीला आठवत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची मात्र लख्ख आठवते. खूप म्हाताऱ्या माणसांचे बहुधा असेच असते. म्हणून आम्ही जुन्या गोष्टी विचारल्या.

पहिला प्रश्न वयाचा. तिच्या जन्माची नोंद कुठेच नाही. कार्ड काढताना अंदाजाने १ जानेवारी लिहून दिली होती. नातीने विचारले, "आजी, तुझं लगीन कवा झालं?" आजी म्हणाली, "गांधीबाबा गेले ना, त्याच साली. मी पंधराची असंन." गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ रोजी. १९४८ मधून १५ वजा केले. १९३३ आले. वहीत लिहून टाकले.

साल ठाऊक नसले तरी खूण ठाऊक असते. पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ ला. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला. मोठा दुष्काळ १९७२ चा. "तेव्हा तुझ्या कडेवर कोण होतं?" एवढे विचारा. घरातल्या साऱ्यांची वये निघतात.

दुष्काळाचे नाव निघाले तशी आजी सावरून बसली. "खडी फोडायला जायचो आम्ही. लेकरू झाडाखाली निजवायचं अन् हातोडा घ्यायचा. सुकडी मिळायची. मिलोची भाकरी खाल्ली बाई." त्या दुष्काळात गावोगाव अशी कामे निघाली. पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क झाला. आजीला कायदा ठाऊक नाही. पण ज्या हजारो हातांमुळे तो झाला, त्यांत तिचेही हात होते.

मग धाकट्या नातसुनेने विचारले, "आजी, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

सारे गप्प झाले. तीस माणसांत एकालाही ते माहीत नव्हते. लग्नात नाव बदलले, ते बदललेच. आजी बराच वेळ बोलली नाही. मग हळूच तिने ते नाव सांगितले. म्हणाली, "आई गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नाही." तिचे डोळे भरले. आमचेही भरले. ते नाव आम्ही इथे सांगत नाही. ते घरच्या वहीत आहे. तिच्या आईचे नावही तिथेच आहे. आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बाई एकही नव्हती. आता दोघी आहेत.

ओव्या विचारल्या तर म्हणाली, "इसरले." मग तिला जात्यापाशी बसवले. खुंट्यावर हात ठेवला आणि ओवी आपोआप आली. हाताला आठवते ते डोक्याला आठवत नाही.

असे काम मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी आपल्या सोबत्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या सांगणाऱ्या बहुतेक बाया कधी शाळेत गेल्या नव्हत्या. कुणीतरी जवळ बसले, ऐकले आणि लिहून घेतले, म्हणून त्या ओव्या राहिल्या. बाकीच्या जात्याबरोबर गेल्या.

मित्रहो, तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आजीला ते जमले नाही. तिच्या काळात तिला पाटी कुणी दिली नाही. म्हणून तिच्या वाटचे लिहिणे आता आपल्याकडे आले आहे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. तिच्याच शब्दांत लिहा. ती दमली की थांबा. एखादी गोष्ट सांगायची नसेल तर आग्रह करू नका. काही दुःखे माणूस झाकून ठेवतो. तो त्याचा हक्क आहे.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा साडी न्या, फळे न्या. सोबत एक वहीही न्या. आधी आजीला तिचे माहेरचे नाव विचारा. तारीख घाला आणि ते पहिल्या पानावर लिहा.